अर्धवट चित्र कुठे ठेवायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं सगळी नाशिकमधली आणि विषय एकच, काम करायची जागा. बहुतेक पत्रांत फुटांचा हिशेब आहे, पण त्या हिशेबाआड दुसराच प्रश्न दडलेला दिसतो. 'जागा नाही' असं लिहिणाऱ्याला पुष्कळदा 'मग मी कलावंत आहे का?' असं विचारायचं असतं. आम्ही दोन्ही प्रश्न घेतलेत, मात्र सुरुवात फूटपट्टीपासून केली आहे.

प्रश्न : कॉलेज रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं पाच. रात्री जेवणं उरकल्यावर डायनिंग टेबलावर ॲक्रिलिक आणि जलरंगात काम करते आणि अकराला सगळं आवरते. स्टुडिओ नाही, त्यामुळे कुणी 'काय करता?' विचारलं की 'चित्रकार' म्हणायला जीभ रेटत नाही. (गृहिणी, कॉलेज रोड)

उत्तर : आठवडाभर एवढंच करा. मांडायला किती मिनिटं लागली आणि आवरायला किती, ते वहीत लिहा. लोणच्याच्या बरण्या हलवा, प्लॅस्टिक अंथरा, पाणी आणा, रंगाच्या ट्यूब काढा, मग हेच सगळं उलट्या क्रमाने. वीस-वीस मिनिटं गेली, तर दीड तासाच्या बैठकीतली चाळीस मिनिटं हमालीत गेली. त्याहून मोठा तोटा वहीत दिसत नाही. चित्र कपाटामागे जातं आणि दुसऱ्या दिवशी तीच गाठ शोधण्यात पहिला अर्धा तास जातो. चित्राचं निम्मं काम हातात ब्रश नसताना होतं, येता-जाता नजर पडते आणि चूक दिसते. तुम्हाला खरी उणीव आहे ती याची. अर्धवट चित्र रात्रभर उभं राहील अशी जागा घरात नाही.

ती करता येते. जेवताना तुम्ही ज्या खुर्चीवर बसता, तिच्या समोरच्या भिंतीवर तीन फूट लांब, चार इंच रुंद फळी लावा आणि तिच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी ठोका. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते. चित्राचा मध्य तिथे येईल अशा उंचीवर फळी हवी. पंधरा इंच उंचीचा कागद बोर्डावर लावून ठेवणार असाल, तर फळी साडेतीन फुटांच्या जरा खाली येईल. घरच्यांना आधी अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते. कधी कधी तर त्यांच्या शेऱ्यांचाच उपयोग होतो.

टेबलाची अडचण भिंतीवर दुमडणाऱ्या पल्ल्याने सुटेल. १८ मिमी प्लायचा २ × ३ फुटांचा पल्ला आणि खाली दोन घडीचे ब्रॅकेट, प्रत्येकी निदान ३० किलो पेलणारे. नुसत्या साखळीवर विसंबू नका, कोपर टेकलं की पल्ला हलतो आणि जलरंगाची ओली धार भलतीकडे धावते. उंची बसून काम करायला २९-३० इंच, उभ्याने ३६ इंचांच्या आसपास. सुतार एक चूक हमखास करतात. नव्या इमारतींतल्या भिंती बहुधा हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या असतात आणि त्यांत नेहमीचा छोटा प्लग महिन्याभरात सैल होऊन स्क्रूसकट बाहेर येतो. तिथे चार इंची लांब नायलॉन अँकर लागतात. भिंत ठोकून बघा. आवाज पोकळ, ठिसूळ आला आणि ड्रिलची पूड पांढरी-राखाडी निघाली की ओळखायचं. पल्ल्याखाली तीन कप्प्यांची चाकांची ट्रॉली ठेवा. वरच्या कप्प्यात आजचे रंग, मधल्यात पाणी आणि फडकी, खालच्यात कागद. एवढं झालं की मांडामांड तीन-चार मिनिटांवर येते.

आता जिभेबद्दल. इटलीतल्या बोलोन्यात जॉर्जो मोरांदी आई आणि तीन बहिणींबरोबर एकाच घरात राहिला. त्याची झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ, आणि तिथे पोचायला बहिणींच्या खोलीतून जावं लागे. बाटल्या, बरण्या, डबे हा त्याचा विषय. टेबलावर कागद पसरून कोणती बाटली कुठे ठेवली होती त्याच्या खुणा तो पेन्सिलीने करायचा, म्हणजे मांडणी मोडली तरी पुन्हा जमवता येई. डायनिंग टेबलावर काम करणाराने उचलावी अशी ही युक्ती आहे. खोली लहान म्हणून चित्रं लहान राहिली, चित्रकार लहान राहिला नाही. तुम्ही 'चित्रकार' म्हणा. समोरचा पुढे 'स्टुडिओ कुठे?' असं विचारत नाही, 'काय काढता?' असं विचारतो.

प्रश्न : गंगापूर रोडला गच्चीवर १२ × १४ फुटांची खोली बांधली. उत्तरेचा उजेड चांगला म्हणतात म्हणून मोठी खिडकी उत्तरेला ठेवली. तरी मे महिन्यात सकाळी कॅनव्हासवर ऊन येतं. आर्किटेक्टची चूक झाली का? (तैलचित्रकार, गंगापूर रोड)

उत्तर : आर्किटेक्टला दोष देऊ नका, चूक पुस्तकाची आहे. 'उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही' हा नियम पॅरिस-लंडनचा. तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. नाशिक आहे २० अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. मार्चच्या २१ पासून सप्टेंबरच्या २३ पर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडे उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेकडे मावळतो. साधारण २१ मे ते २३ जुलै या काळात तर तो दिवसभर आकाशाच्या उत्तर अर्ध्यात असतो. २१ जूनला तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो. जूनच्या मध्यापासून ढग येतात म्हणून हे जाणवत नाही. खरा त्रास एप्रिलच्या सकाळ-संध्याकाळपासून पाऊस सुरू होईपर्यंत.

दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दीड फुटी छज्जा त्याला पुरतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन मात्र तिरकं, भिंतीला घासून येतं आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे पंख, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या फळ्या हव्यात. चार फूट रुंद खिडकीला १८ इंच बाहेर आलेला पंख पुरतो. जूनमध्ये सूर्य उगवल्यावर तासाभरात, म्हणजे सात-सव्वासातनंतर, काचेवर ऊन राहत नाही. खिडकी सहा फुटांची असेल तर पंख २७ इंचांचा लागेल, नाहीतर मधे आणखी एक उभी फळी द्या. फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकटीत सिमेंट शीट बसवून घेणं स्वस्त पडतं. आतल्या बाजूला पांढरा मॅट रंग द्या, चकचकीत दिलात तर पंखच आरसा होतो. तोपर्यंत काचेला आतून ट्रेसिंग पेपर चिकटवा. उजेड थोडा कमी होईल, पण उन्हाचा पट्टा मोडून पसरेल.

खिडकीचा खालचा भाग चार फुटांपर्यंत झाका. खालून येणारा उजेड गच्चीच्या फरशीवरून उसळून येतो आणि ओल्या तेलरंगावर चमक आणतो. कॅनव्हासचा वरचा काठ इंच-दीड इंच पुढे झुकवला की उरलेली चमकही जाते. समोरच्या इमारतीचा रंग बघायला विसरू नका. केशरी किंवा पोपटी भिंतीवरून परतलेला उजेड उत्तरेचा असला तरी रंगीतच. करडा रंग मिसळताना हात आपोआप निळ्याकडे झुकतो आणि प्रदर्शनात चित्र थंड दिसतं. खोलीच्या आतल्या भिंतींना म्हणूनच फिकट, निव्वळ करडा मॅट रंग द्यावा असं आम्ही सुचवतो. पांढरीशुभ्र भिंत छान दिसते, पण तिच्यापुढे कॅनव्हासचे उजळ भाग मळकट भासतात आणि आपण ते गरजेपेक्षा जास्त उजळवतो.

दक्षिणेला खिडकी असेल तर डिसेंबरात सांभाळा. तेव्हा दुपारचा सूर्य जेमतेम साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. छज्जा नसलेल्या सात फूट उंचीच्या खिडकीतून ऊन साडेसहा फूट आत येतं.

रात्रीसाठी ५००० केल्विनच्या (दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाच्या), आणि रंग किती खरे दिसतात ते सांगणारा रंगनिर्देशांक म्हणजे सीआरआय ९० च्या वर असलेल्या एलईडी पट्ट्या घ्या. ८० चा दिवा घरासाठी ठीक, पण त्यात लाल रंग मरगळतात. चार फुटी, २० वॅटच्या चार पट्ट्या कामाच्या चार-साडेचार चौरस मीटर भागावर आणल्या तर ८०० लक्सच्या आसपास उजेड मिळतो. पट्ट्या चारही एकाच पेटीतल्या असू द्या, आणि खोलीत दुसरा पिवळा बल्ब नको. पॅलेट आणि कॅनव्हास यांवर एकच उजेड पडला पाहिजे. पॅलेट सावलीत असेल तर रंग मिसळताना एक दिसतो, लावल्यावर दुसराच. दिवाणखान्यात टांगायच्या चित्राला शेवटचा हात फिरवण्यापूर्वी एकदा ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली बघा, कारण घेणाऱ्याच्या घरी बहुधा तोच असतो.

प्रश्न : मी रविवारी गोदाघाटावर बसून जलरंग करतो. मला स्टुडिओ हवाच का? (बँक कर्मचारी, पंचवटी)

उत्तर : तुमचा स्टुडिओ म्हणजे तुमची पिशवी. ती चार किलोंच्या वर गेली की नारोशंकराच्या देवळापासून पुढे चालवत नाही आणि मग तुम्ही दर रविवारी त्याच कोनात बसता. पाव आकाराचा, म्हणजे ११ × १५ इंचांचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद बोर्डाला चारही बाजूंनी चिकटवून न्या. पाणी दोन बाटल्यांत न्या, एक धुवायला आणि एक रंगाला. सावली एका जागी दीड-दोन तासच टिकते, त्यामुळे सावल्यांचे आकार पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने बांधून घ्या आणि नंतर सूर्य हलला तरी बदलू नका.

कागदावर ऊन घेऊन बसू नका. उन्हात रंग उजळ दिसतात, म्हणून आपण ते दाट लावतो, आणि घरी आल्यावर घाटाचा काळा पाषाण डांबरासारखा दिसतो. एप्रिल-मेमध्ये वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, पसरायच्या आत वाळतो. त्यासाठी पेलाभर पाण्यात दोन-तीन थेंब ग्लिसरीन टाका. पावसाळ्यात हेच केलंत तर कागद दिवसभर चिकट राहील.

घरी एकच सोय लागते. आणलेली चित्रं आठवडाभर उभी दिसतील अशी फळी. वरच्या उत्तरात तिचं माप दिलं आहे.

प्रश्न : सातपूरला एका खोलीत राहतो. तिथेच झोपतो, तिथेच तैलरंगात काम करतो. बाळ सहा महिन्यांचं आहे. खिडकी उघडी ठेवली तर चालेल ना? (कारखान्यातील कामगार, सातपूर)

उत्तर : नाही, चालणार नाही. आधी टर्पेंटाइन आणि थिनर खोलीतून बाहेर काढा. वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते, म्हणजे नेमकी बाळ झोपतं तिथे. वास गेला म्हणजे वाफ गेली असंही नाही, नाक दहा मिनिटांत सरावतं. शिवाय टर्पेंटाइन ३५ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतं आणि मे महिन्यात तुमची खोली त्याहून तापते. शेगडी त्याच खोलीत असेल तर पुढचं सांगायला नको.

तैलरंग मात्र सोडायची गरज नाही. ब्रश आधी कागदाने पुसा, मग करडईच्या तेलात धुवा, शेवटी कपड्याच्या साबणाने. स्वयंपाकाचं करडई तेल धुण्यापुरतंच वापरा. रंगात मिसळायला ते नको, त्यातल्या टिकाऊपणाच्या द्रव्यांनी थर चिकट राहतो. रंग पातळ करायला थोडं अळशीचं तेल पुरतं.

तेलाची फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. गोळ्याच्या पोटात ती कोंडते, तापमान वाढतं, तसं वाळणं वेगाने होतं आणि काडी न लावता फडकी पेटतात. हे बहुधा काही तासांनी होतं, म्हणजे तुम्ही झोपल्यावर. एकेक फडकं बाहेर दोरीवर वाळत घाला, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

वाळणारी चित्रंही झोपायच्या खोलीत नकोत. जिन्याच्या वरच्या टप्प्यावर शेजाऱ्यांच्या परवानगीने जागा मिळते का बघा. बाळ रांगू लागेल तेव्हा कॅडमियम आणि कोबाल्ट या विषारी धातूंच्या रंगांच्या ट्यूब कुलपात ठेवा. आमचं मत विचाराल तर दोन वर्षं ॲक्रिलिक करा. त्यालाही थोडा वास असतोच, तेव्हा खिडकी उघडी हवी. ॲक्रिलिकचं गढूळ पाणी मोरीत ओतू नका. बादलीत तुरटी फिरवून रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी सोडा आणि तळाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून सुक्या कचऱ्यात टाका.

प्रश्न : जुन्या नाशकात आजोबांचा वाडा आहे. माडी रिकामी आहे. तिथे स्टुडिओ केला तर कामाला एक वेगळा सूर लागेल असं वाटतं. (कला शाखेचा विद्यार्थी, भद्रकाली परिसर)

उत्तर : सूर लागेल, आधी वाळवी बघा. लाकडी तुळईला स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर माडीवर कॅनव्हासचा गठ्ठासुद्धा ठेवू नका, आधी जाणकाराला दाखवा. तुळया ठणठणीत असतील तर जड सामान खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या टोकापाशी ठेवा.

वाड्याच्या खिडक्या बुटक्या असतात. बाजूने येणारा उजेड खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच कामाचा असतो. वरचा काठ पाच फुटांवर असेल तर दहा-बारा फुटांच्या पलीकडे अंधारच. ईझल, म्हणजे चित्राचा स्टँड, खिडकीपासून चार-पाच फुटांवर आडवं लावा, उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या. चौकाच्या भिंतींना चुना मारला तर माडीवरचा उजेड चांगलाच वाढतो, आणि हा खर्च सगळ्यांत कमी. मातीच्या जाड भिंतींना ऑइल पेंट किंवा सिमेंटचा गिलावा देऊ नका. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि पहिल्याच श्रावणात पोपडे सुटतात. चुनाच द्या.

पावसाळा ही वाड्यातली खरी परीक्षा. कागद आणि कॅनव्हास बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच दूर ठेवा, जमिनीपासूनही तेवढेच वर. कॅनव्हास कधी सैल, कधी ताठ होईल, त्यासाठी कोपऱ्यांतल्या पाचरी लगेच ठोकत बसू नका. पाऊस ओसरल्यावर कापड आपोआप जागेवर येतं आणि तुम्ही ठोकलेल्या पाचरीमुळे ते फाटायला टेकतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या. ते हिरवं झालं की १२० अंशांच्या भट्टीत तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळं स्वस्त असतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरच्या ओव्हनमध्ये नको. डांबराच्या गोळ्यांनी कसर अडते, बुरशी नाही. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती साध्या तापणाऱ्या बल्बची होती, एलईडीने ती साधत नाही.

आणि खालचा मजला नदीच्या बाजूचा असेल तर तिथे एकही चित्र ठेवू नका. २०१६ आणि २०१९ चे पूर तुमच्या घरच्यांना आठवत असतीलच.

प्रश्न : इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. शाडूत काम करतो. माती साठवायला २०० लिटरचा ड्रम बाल्कनीत ठेवू का? (शिल्पकार)

उत्तर : नको. घराचा स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो. ओली माती घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते. म्हणजे ड्रमभर माती साडेतीनशे किलो, तीही पाव चौरस मीटरवर. बाल्कनी एका बाजूलाच धरलेली असते, तिथे तर हा विचारही करू नका. २० लिटरच्या झाकणाच्या बादल्या घ्या, प्रत्येकी ३५ किलोच्या. त्या खोलीत बीमवरच्या भिंतीलगत एका ओळीत, अंतर सोडून ठेवा. सहापेक्षा जास्त बादल्या लागत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा आणि तळमजल्यावर जागा शोधायला लागा.

वाळलेली माती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. बारीक धूळ फुफ्फुसात बसते ती निघत नाही. हात धुताना बादलीतच धुवा आणि गाळ बसू द्या. प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक थेंबही नळीत नको, ते पाण्याखालीही घट्ट होतं. लवचिक प्लॅस्टिकच्या टोपात कालवा, उरलेलं वाळू द्या, टोप दाबला की ते सुटून पडतं.

प्रश्न : एकाच खोलीत दुपारी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतो, एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी करून घेतो. संध्याकाळी स्वतःचं काम करायला बसलो की हात शिक्षकासारखाच चालतो. हे जागेमुळे होतं का? (कलाशिक्षक, नाशिक रोड)

उत्तर : बऱ्याच अंशी, हो. तुमच्या भिंतीवर काय आहे बघा. स्थिरचित्राचे नमुने, अक्षरांचे तक्ते, पारितोषिकं. दिवसभर डोळ्यांना 'बरोबर काय' तेच दिसतं, मग रात्री हातही बरोबरच काढतो. सर, तुम्हाला दुसरी खोली नको, एक भिंत हवी.

वर्गाची मांडणी तीन भिंतींवर आणा आणि चौथी, मुलांच्या पाठीमागची, स्वतःसाठी ठेवा. तिच्यावर छताला पडद्याची पट्टी लावून जाड करड्या कापडाचा पडदा टाका, वर्गाच्या वेळी बंद, नंतर उघडा. पडद्यामागे तुमचं अर्धवट काम, तुमचे कागद, तुमचे रंग. मुलांचे पोस्टर रंग आणि तुमचे रंग एका डब्यात नकोत, एवढ्याशा गोष्टीनेही हात बदलतो. दिवेही वेगळे करा. वर्गाला छताचे, तुम्हाला ईझलवरचे, दोन बटणं. काम करताना याच भिंतीकडे तोंड करून बसा, म्हणजे वर्गात मुलांच्या समोर असते ती भिंत तुमच्या पाठीशी येईल. अर्धवट काम मुलांना दाखवू नये असं आम्हाला वाटतं. ती 'छान' म्हणतात आणि तुम्ही तिथेच थांबता.

पोटाचं काम आणि आपलं काम एकाच छपराखाली असणं यात कमीपणा नाही. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांच्या घरात माग हाच खोलीचा मोठा भाग असतो, जेवणं त्याच्या शेजारी होतात. पण माग कुणी रोज आवरून ठेवत नाही, अर्धी विणलेली पैठणी मागावरच राहते. तुमच्या खोलीत मागाच्या जागी ती भिंत.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून अंबडला औद्योगिक गाळा भाड्याने घ्यावा म्हणतो. मोठी चित्रं करायची आहेत. (तीन मित्र, सिडको)

उत्तर : मोठ्या चित्राला मागे सरकायला जागा लागते, ही मागणी रास्त आहे. चित्राच्या मोठ्या बाजूच्या तिप्पट अंतरावरून ते एका नजरेत येतं. चार फुटी कॅनव्हासला बारा फूट. दहा फुटांच्या खोलीत समोरच्या भिंतीवर आरसा लावला तर अंतर जवळपास दुप्पट होतं, आणि उलट्या प्रतिमेत रेखाटनाच्या चुकाही उघड्या पडतात. गाळा घेण्याआधी महिनाभर हे करून बघा.

घ्यायचाच असेल तर मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन बघा. पत्र्याखाली ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक थर आणि खाली फॉल्स सीलिंग, याचा खर्च कोण करणार ते आधी ठरवा. पावसाळ्यात एकदा जाऊन पत्र्याचे जोड बघा. शेजारी पावडर कोटिंग किंवा ग्राइंडिंग असेल तर ओल्या चित्रावर धूळ बसेल, तो गाळा सोडा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागतो. त्यात तिघांचीही नावं घाला, नाहीतर एक जण लग्न करून पुण्याला गेला की उरलेले दोघे रस्त्यावर येतात.

तिघांनी एकत्र असण्याचा फायदा भाड्यापेक्षा मोठा आहे. मुंबईत वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये १९५०-६० च्या दशकांत चित्रकार गायतोंडे, हुसेन यांचे स्टुडिओ होते, तिथेच रविशंकरांची संगीतशाळा आणि नाट्यदिग्दर्शक अल्काझींचं नाटक. गायतोंडे मात्र १९७२ मध्ये दिल्लीला निजामुद्दीनच्या छोट्या जागेत गेले आणि एकटेच, वर्षाला मोजकी चित्रं करत राहिले. दोन्ही जागांत ते गायतोंडेच होते. म्हणून मधे साडेसहा फुटी पार्टिशन घाला, पण चाकांवर.

प्रश्न : माझ्या खोलीत इतका पसारा असतो की आई ओरडते. पसारा हा सर्जनशीलतेचा भाग असतो ना? (वय १९, म्हसरूळ)

उत्तर : आईला चित्रकार फ्रान्सिस बेकनचं उदाहरण द्यायचा विचार असेल तर पूर्ण द्या. लंडनमधल्या त्याच्या खोलीत १९६१ पासून १९९२ मध्ये तो जाईपर्यंत पसारा साचत गेला. पुढे ती खोली डब्लिनच्या ह्यू लेन संग्रहालयात हलवली, तेव्हा सात हजारांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. पण त्याच बेकनने थेम्सकाठी घेतलेल्या घरात त्याला काम करता आलं नाही, नदीवरून येणारा हलता उजेड त्याला नडला. म्हणजे पसारा चालला, उजेड बिघडलेला चालला नाही. त्याचा पसारा फाटलेले फोटो, पानं, ब्रश असा होता, आणि त्याला लागणारा फोटो त्याला त्यात सापडायचा.

तुझ्यासाठी कसोटी सोपी आहे. डोळे मिटून पांढऱ्या रंगाची ट्यूब हातात येते का? येत असेल तर पसारा तुझा. येत नसेल तर आई बरोबर आहे. ईझलभोवती तीन फूट जमीन मोकळी ठेव, म्हणजे मागे सरकताना पाय बाटलीवर पडणार नाही. ब्रश रोज धू, नाहीतर मुळाशी रंग वाळून केस फाकतात. खरकट्या कपबशा मात्र स्वयंपाकघरात नेऊन ठेव. ब्रशाचं पाणी चहा समजून प्यायलेले चित्रकार आम्हाला ठाऊक आहेत, आणि तुझ्या ट्यूबमध्ये कॅडमियम असू शकतं.